खात्रीलायक बातमी

“काकू, पोथी आटपली का?”

बाबर हवालदार टोपी काखेत धरून उंबऱ्याबाहेर उभे होते. गुरुवार होता, दुपारचे बारा वाजत आले होते. मी हातानंच थांबा म्हटलं. अध्याय सुरू असताना मधे उठायचं नाही, असा माझा नेम. ते थांबले. त्यांच्या मागे गल्लीत पोलिसांची जीप होती आणि तिचं इंजिन चालूच होतं. शेवटच्या ओव्या मी कशा वाचल्या, देव जाणे. डोळे ओळींवर होते, कान त्या इंजिनाकडे.

पोथी कपड्यात बांधून मी बाहेर आले, तसे ते खालच्या आवाजात म्हणाले, “चला. पंच म्हणून यायचंय. चौगुल्यांकडं.”

“मी?”

“त्यांची बायको अंथरुणाला खिळलीय. बाई पंच पायजे. आणि गल्लीत तुमच्यासारखं दुसरं कोण हाय? उद्या कोर्टात तुमच्या शब्दाला वजन राहील.”

“अहो बाबर, पण सांगितलं तर मीच...”

“श्शू.” त्यांनी मागे वळून जीपकडे पाहिलं. “ते कुठं येत न्हाई. कागदावर ‘खात्रीलायक बातमीदार’ येवढंच येतं. माझ्या बायकोलाबी ठाऊक न्हाई. घाबरू नका.”

मी दाराला कडी घालून त्यांच्या मागे निघाले.

आमच्या गल्लीच्या टोकाला दत्ताचं देऊळ आहे. देवळामागे औदुंबर, आणि औदुंबराला लागून चौगुले पोस्टमनांच्या घराची मागची भिंत. त्यांना तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही, नवराबायको दोघंच. मी रोज सकाळी औदुंबराला अकरा प्रदक्षिणा घालायची. यजमान गेले त्या वर्षापासूनचा तो नेम, पावसात नि तापातही मोडला नाही. तर दर गुरुवारी माझ्या सातव्या-आठव्या प्रदक्षिणेच्या सुमाराला एक माणूस मोटारसायकलवरून यायचा, चौगुल्यांच्या मागच्या खिडकीतून वर्तमानपत्राची पुडी आत द्यायचा. चौगुले इकडे तिकडे बघत ती घ्यायचे आणि खिडकी लावायचे. तीन गुरुवार मी हे पाहिलं. रविवारच्या आरतीनंतर प्रसाद देताना बाबरांच्या कानावर घातलं. त्या महिन्यात आमच्या तालुक्यात गांजाविरुद्ध मोहीम चालू होती. वरून विचारणा व्हायची, किती धाडी घातल्या, किती माल धरला. बाबरांच्या हाताला अजून काही लागलं नव्हतं.

याला आता सत्तावीस वर्षं झाली.

चौगुल्यांच्या दारात फौजदार साहेब, एक महिला पोलीस आणि दुसरे पंच, पानपट्टीवाले रसूल तांबोळी, उभे होते. रसूलभाई मला बघून हसले. “काकू, तुमालाबी आणलं? ह्या घरात सापडली तर माझ्याच दुकानाची तंबाखू सापडंल. दुसरं काय असणार?”

“गप रे,” बाबर म्हणाले.

रीत अशी असते की घरात शिरण्याआधी पोलीस आणि पंच स्वतःची झडती देतात, म्हणजे कुणी काही नेऊन आत ठेवलं असा संशय नको. साहेबांनी खिसे उलटे करून दाखवले. बाबरांनी दाखवले, रसूलभाईंनी दाखवले. चौगुले दारात बनियनवर उभे, चेहरा पिठासारखा. साहेब म्हणाले, “ह्या बाईंची झडती आमची महिला पोलीस घेईल. तुमची हरकत?”

चौगुल्यांनी मला हात जोडले. “काकूंची कसली झडती घेता साहेब? देवमाणूस हाय. येऊ द्या त्यांना आत.”

मी मान खाली घालून आत गेले.

दोन खोल्या आणि एक मोरी. पुढच्या खोलीत खिडकीशी खाटेवर चौगुल्यांची बायको, अक्काताई. मी तिला सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. गल्लीत कुणी म्हणायचं पोटाचं काहीतरी आहे, कुणी म्हणायचं गाठ आहे. मी कधी आत जाऊन विचारलं नव्हतं. चादरीखाली माणूस आहे की नुसत्या घड्या, कळत नव्हतं. डोळे तेवढे मोठे. ती ओळखीचं हसली. “काकू, तुम्ही? बसा की. ह्यास्नी म्हणा, चहा टाका.”

झडती सुरू झाली. ट्रंक उघडली, पातळं झटकली. डाळीचे डबे परातीत ओतले, पिठात हात घातला. माळ्यावरच्या गोवऱ्या खाली आल्या. बाबरांनी देवघरातल्या तसबिरीसुद्धा मागून पाहिल्या. काही नाही. साहेबांनी दोनदा नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, “बाबर, वास कुठाय?”

“साहेब, बातमी पक्की हाय.”

“कुणाची?”

“खात्रीलायक, साहेब.”

बाबर माझ्याकडे पाहत नव्हते, पण त्यांच्या मानेवर घाम आला होता. तास झाला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि ओठांत जप चालू होता. लोकांना वाटलं असेल, काकू त्या गरीब घरासाठी देवाला साकडं घालतेय. मी साकडं घालत होते ते वेगळंच. देवा, काहीतरी सापडू दे. काहीही सापडू दे. मी खोटी ठरता कामा नये.

महिला पोलिसानं अक्काताईची उशी उचलली.

खाली वर्तमानपत्राची पुडी होती. उघडली. पाकिटांतून पांढऱ्या गोळ्या निघाल्या. बेचाळीस.

“मॉर्फिन,” साहेब पाकिटावरचं वाचत म्हणाले. “गांजा नाही, त्याच्यावरची गोष्ट. चिठ्ठी आहे का डॉक्टरची?”

चौगुल्यांनी एक कागद काढला. शहरातल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, पण वीस गोळ्यांची आणि चार महिने जुनी. “साहेब, हिच्या दुखण्यावरच्या गोळ्या हायत. दर पंधरा दिवसांनी तिकडं नेता येत न्हाई वो हिला. एसटीत बसवत न्हाई. तिथला एक वॉर्डबॉय हाय. पेशंट वारलं की नातेवाईक गोळ्या टाकून जातात, त्या आणून देतो. पाया पडतो तुमच्या. बेकायदा असंल तर मला न्या, गोळ्या ठेवा.”

“तो मुद्देमाल आहे.”

अक्काताईनं फक्त हात पुढे केला, ताटात काही वाढायचं राहिलं की माणूस करतं तसा. महिला पोलिसानं तोंड फिरवलं.

पंचनामा खाटेच्या पायथ्याशी बसून लिहिला. साहेबांनी विचारलं, “बाबर, बातमीची नोंद सकाळी केलीस ना?”

“गडबडीत ऱ्हायलं साहेब.”

“शहाणाच आहेस. आता लिही. साडेदहाची वेळ टाक.”

बाबरांनी मांडीवर वही घेतली आणि लिहिलं. माझ्यापासून दोन हातांवर. मग मला पेन दिलं. मी वाचून पाहिलं नाही. सही केली, कुमुद विनायक खांबेटे. रसूलभाईंनी अंगठ्याला शाई लावताना माझ्याकडे पाहिलं.

चौगुल्यांना जीपमधून नेलं. जाताना त्यांनी मलाच सांगितलं, “काकू, माझी भावजय सांजच्या गाडीनं येईल. तवर तेवढं हिच्याजवळ बसा.”

मी बसले. नंतर रोजच बसू लागले. भावजय स्वयंपाकपाणी बघायची, दुपारी मी. पहिले दोन दिवस अक्काताई कण्हत होती. तिसऱ्या दिवसापासून कण्हणं संपलं, दुसरं काहीतरी सुरू झालं. त्याला मी नाव देऊ शकत नाही. गल्लीतली माणसं दारं लावून घ्यायची. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ते म्हणाले, ह्याच्यापुढचं माझ्याकडे ठेवायला परवानगी नाही. मी साहेबांकडे गेले, निदान चार गोळ्या द्या म्हणून. ते चिडले नाहीत. “बाई, मुद्देमाल सीलबंद आहे. तुमचीच सही आहे त्याच्यावर,” म्हणाले.

मी खाटेशी बसून माळ ओढायची. दुसरं काय येत होतं मला?

पाचव्या दिवशी ती जरा शुद्धीवर होती. म्हणाली, “काकू, माळ ठेवा. हात द्या.”

मी हात दिला. तिनं तो असा धरला की बांगडी मनगटात रुतली.

“कुणी सांगितलं असंल वो?”

मी दुसऱ्या हातानं तिची चादर नीट केली.

“आम्ही कुणाचं वाईट केलं न्हाई. ह्यांनी बत्तीस वर्सं कुणाचं पत्र खाली पडू दिलं न्हाई. कोण असंल?” थोडा वेळ तिचा श्वास अडकत राहिला. “शाप बीप देत न्हाई मी. एकदा तोंड बघायचंय. कुणाच्यात बसत हुतो, कुणासंगं हसत हुतो, ते कळाया पायजे.”

तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. मी म्हटलं, “झोपा आता.” एवढंच म्हटलं.

नवव्या दिवशी ती गेली. चौगुल्यांना अग्नी देण्यापुरतं आणलं, दोन पोलिसांमध्ये. अकराव्या दिवशी जामीन झाला. ते घरी आले, भावजयीला गाडीत बसवून दिलं आणि दार लावून घेतलं. मी प्रदक्षिणा घालत असताना मागची खिडकी बंद असायची. मी दिवस मोजायचं सोडलं होतं, पण नेम सोडला नव्हता. नेम सोडला असता तर लोकांनी विचारलं असतं का म्हणून.

दीड वर्षानं जिल्ह्याच्या कोर्टातून समन्स आलं. आदल्या दिवशी बाबर घरी आले, साध्या कपड्यांत. पाणी दिलं तर पेला नुसताच हातात धरून बसले.

“काकू, वकील विचारंल, नोंद कवा झाली. सकाळीच झाली हुती म्हणायचं. साडेदहा. येवढंच.”

“तुम्ही माझ्यासमोर लिहिलीत बाबर.”

“व्हय. पण ते आपल्या दोघांत.” त्यांनी पेला खाली ठेवला. “माझी पेन्शन दोन वर्सांवर आलीय. नोंद मागनं केली म्हणून सिद्ध झालं की केस गेली, आणि मीबी गेलो. साहेब बदली घिऊन मोकळं झालं. आणि पंच उलटला की सरकार सोडत न्हाई, ते एक ध्यानात ठेवा. वर असं हाय बघा, मला कोंडीत धरलं तर बातमी कुणाची तेबी भाईर यील. ह्या गल्लीत ऱ्हायचंय तुमाला.”

हे धमकावणं होतं की विनवणी, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. जाताना त्यांनी माझ्या देवाला नमस्कार केला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःला समजावत होते, की खोटं तर बोलायचं नाहीच. नोंद मागाहून केली, एवढं खरं सांगेन. चौगुले सुटतील. बातमी कुणाची, हे मला कोण विचारणार? पंचाला कुणी विचारत नाही. खरं बोलल्याचं पुण्यही लागेल आणि माझं नावही झाकलेलं राहील. हा हिशेब देवासमोर बसून केला मी, निरांजन लावून.

कोर्टात चौगुले मागच्या बाकावर बसले होते. अर्ध्याच राहिले होते. मला बघून त्यांनी मान लववली. मी ईश्वराची शपथ घेतली. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. सही तुमची? हो. तुमच्यासमोर गोळ्या सापडल्या? हो. मग चौगुल्यांच्या वकील उठल्या. हुक्केरी बाई, चष्मा नाकावर, आवाज माझ्याइतकाच हळू.

“आजी, घाबरू नका. बातमीची नोंद झडतीआधी साडेदहाला झाली असं पोलीस म्हणतात. तुम्हाला काय माहीत आहे?”

“झडती झाल्यावर झाली. गोळ्या सापडल्यावर. बाबर हवालदारांनी खाटेपाशी बसून लिहिली. वेळ साहेबांनी सांगितली.”

कोर्टात कुजबुज झाली. बाबर दारापाशी उभे होते, त्यांनी डोळे मिटले. हुक्केरी बाई न्यायाधीशांकडे वळल्या. “म्हणजे साहेब, मुळात बातमी नव्हतीच. हवालदारांनी कुणाच्याही घरात घुसायचं, काहीतरी सापडेपर्यंत शोधायचं, आणि मग बातमीदार जन्माला घालायचा. ह्या हवालदारांनी बातमी रचली असं माझं म्हणणं आहे.”

झालं होतं. मला उतरायचं होतं फक्त. चौगुले सुटलेच होते. मी कठड्यावरचा हात काढलासुद्धा.

न्यायाधीश चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “बाई, तुम्हाला काही सांगायचंय का? तुमचे ओठ हलताहेत.”

सवयीनं जप चालू होता. तो थांबला, आणि थांबल्यावर तिथे काहीच उरलं नाही.

“बातमी रचलेली नाही,” मी म्हटलं. “मी दिली होती.”

मागच्या बाकाकडे मी पाहिलं नाही. हुक्केरी बाईंचा चेहरा उतरला. खरी बातमी, तीही अशा बाईची, म्हणजे झडतीला आधार मिळाला. त्यांच्या हातातली केस मी दोन वाक्यांत निसटवली होती. सरकारी वकील ताडकन उठले. “पाहा साहेब! देवाधर्माची बाई, हिच्यावर पोलिसांनी विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?”

न्यायाधीशांनी त्यांना बसवलं. “काय पाहिलं होतं तुम्ही?”

“खिडकीतून पुडी देताना.”

“पुडीत काय आहे ते पाहिलं?”

“नाही.”

“मग गांजा हा शब्द कुणाचा? हवालदारांचा?”

बाबर माझ्याकडे पाहत होते. एक ‘हो’ म्हटलं असतं तर पुरलं असतं. तसाही कोर्टाचा त्यांच्यावरचा विश्वास संपलेलाच होता.

“माझा. गांजाचा वास येतो असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, नक्की का काकू? मी म्हटलं, मी खोटं बोलेन का?”

“येत होता वास?”

“गांजाचा वास कसा असतो ते मला आजही माहीत नाही.”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

“मग असं का सांगितलंत?”

माझा आवाज आधीच लहान, तो आणखी लहान झाला. लिहून घेणाऱ्या कारकुनानं मान पुढे काढली. “चौगुले रोज सकाळी मागच्या दारातून मोरीचं पाणी ओतायचे. औदुंबराच्या पाराशी. कधी त्यात रक्त असायचं, घाण असायची. माझ्या प्रदक्षिणेच्या वाटेवर. मला सोवळ्यात त्यातून चालावं लागायचं. मी दोनदा सांगितलं त्यांना. ते हो म्हणायचे आणि पुन्हा ओतायचे. मला राग होता. पोलीस येऊन दम देतील, एवढंच मनात होतं.”

कारकुनानं ते लिहिलं. त्यानं वाचून दाखवलं, आणि मी त्याखाली सही केली. ह्या खेपेला सगळं वाचून.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. बातमी आधी नोंदवलेली नव्हती आणि तिच्यात तथ्य असं काही नव्हतं, घरात शिरायला पोलिसांपाशी कारणच नव्हतं, म्हणून चौगुले निर्दोष सुटले. पण ते नंतर. त्या दिवशी दुपारी आमच्या गावची चारची एसटी होती, आणि ती एकच होती.

मी चढले तेव्हा गाडी भरलेली होती. एकच जागा रिकामी, तिसऱ्या बाकावर. तिथे चौगुले खिडकीशी बसले होते, बाजूच्या जागेवर त्यांची पिशवी. मी दांडा धरून उभी राहिले.

“ओ आजी, जागा हाय की तिथं,” कंडक्टर ओरडला. “उभं ऱ्हायलं म्हणून तिकीट कमी न्हाई करत आम्ही!” दोनचार माणसं हसली.

चौगुल्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. “बसा, काकू.”

मी बसले. बावीस किलोमीटर. मला वाटत होतं ते आता बोलतील, आता ओरडतील, सगळ्या गाडीला सांगतील. मी ते सोसायला अंग आवळून बसले होते. ते बाहेर उसाकडे बघत होते. साखर कारखाना मागे पडला, नदीवरचा पूल गेला. मग मान न वळवता ते म्हणाले, अगदी मलाच समजावून सांगितल्यासारखं,

“मोरीचं तोंड तुंबलं हुतं. फोडून काढायला माणूस आणायचा तर हिच्या खाटेजवळनं न्यावा लागला असता. तिला लाज वाटायची. मग मी तिला पुसून काढायचो आणि पाणी मागं टाकायचो. पाराच्या अलीकडं टाकावं म्हणून बघायचो. पण दोन बादल्या एका दमात उचलून लांब न्यायाचं हुईना वो माझ्यानं.”

मी पुढच्या बाकाचा दांडा धरला.

“तुम्ही सांगितलं हुतं, ते खरं हाय,” ते म्हणाले. “दोनदा सांगितलं हुतं.”

आमचा थांबा गल्लीच्या तोंडाशी. तिथून माझं घर आणि त्यांचं घर एकाच वाटेवर. गाडी त्याच्या अलीकडे, माळावरच्या फाट्याला आली तेव्हाच त्यांनी उठून घंटीची दोरी ओढली. तिथे ना वस्ती, ना सावली. ते माझ्या गुडघ्यांना धक्का लागू नये असे आडवे होऊन बाहेर पडले, पिशवी छातीशी धरून उतरले, आणि गाडी हलायच्या आत उन्हातून चालू लागले.